सहा जुने कॉम्प्युटर जोडले तर एक मोठा होतो का?



दसऱ्याच्या सुमारास आमच्या शाळेत एक टेम्पो आला. गावातला आमचाच एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर बदलायचे ठरले, तेव्हा त्याने साहेबांना विचारून सहा कॉम्प्युटर शाळेसाठी मागून घेतले. सहाही सुरू होतात. एकाचा पंखा घरघरतो, एकाला रोज तारीख नव्याने सांगावी लागते, पण सुरू होतात.

अडचण वेगळीच झाली. शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पंचेचाळीस हजार रुपये जमवले होते, एक चांगला नवा कॉम्प्युटर घ्यायला. आता सहा आले म्हटल्यावर बैठकीत विषय निघालाच. एक पालक म्हणाले, "मॅडम, हे सहा एकमेकांना जोडा की. मोबाइलवर दाखवतात, जुने कॉम्प्युटर जोडून सुपरकॉम्प्युटर करतात. मग नवा कशाला? त्या पैशात मुलींच्या स्वच्छतागृहाला दार बसवू आणि पाण्याची टाकी बदलू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाळा द्विशिक्षकी, पट ४१, आणि कॉम्प्युटरचं जे काही असेल ते माझ्या गळ्यात. मी डी.एड. केलेली बाई, इंजिनिअर नाही. पण स्वच्छतागृहाच्या दाराचा प्रश्न होता, त्यामुळे "बघते" म्हणून सोडून देता येईना. पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या पंधरा दिवसांत जे वाचलं, आमच्या माजी विद्यार्थ्याला फोन करकरून जे विचारलं आणि मुलांबरोबर जे करून पाहिलं, ते इथे लिहिते आहे. तुमच्याही शाळेत जुने कॉम्प्युटर पडून असतील, तर उपयोगी पडेल.

आधी शेतातलं उदाहरण घेऊ, कारण मला स्वतःला तिथूनच समजलं. आपल्याकडे पूर्वी इर्जिक असायची. एखाद्याची नांगरट मागे राहिली की गावातले दहा-पंधरा जण आपापली औतं घेऊन यायचे आणि दिवसात रान मोकळं करून द्यायचे. हे जमायचं, कारण शेताचे पट्टे पाडता येतात. या औताला त्या औताची वाट बघावी लागत नाही. आता तीच पंधरा माणसं विहीर खणायला बोलवा. विहिरीच्या तळाशी उभी राहणार चार. बाकीचे काठावर बसून तंबाखू मळणार. माणसं वाढवली म्हणून विहीर लवकर होत नाही. तिथे चार माणसं धट्टीकट्टी हवीत.

कॉम्प्युटरचं सगळं भांडण या दोन कामांत आलं. पुष्कळ साधी यंत्रं बरी की एकच तगडं, असं नुसतं विचारलं तर त्याला उत्तर नाही. काम नांगरटीसारखं आहे की विहिरीसारखं, हे आधी सांगावं लागतं. आणि गंमत अशी की बहुतेक कामं या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतात.

हे मुलांना दाखवायचं म्हणून मी एका शनिवारी दोन अंकी २४० संख्या फळ्यावर आणि कागदावर लिहून काढल्या. पाचवीतली आमची सगळ्यात चपळ मुलगी एकटी बेरीज करत बसली. तिला २२ मिनिटं लागली. मग तेच काम आठ मुलांत वाटलं, प्रत्येकी ३० संख्या. हिशोबाने किती वेळ लागायला हवा? २२ भागिले ८, म्हणजे पावणेतीन मिनिटं. तुम्हाला काय वाटतं, किती लागला असेल?

साडेअकरा मिनिटं! चिठ्ठ्या करून वाटण्यात माझी तीन मिनिटं गेली. सर्वात चपळ मुलाचं तीन मिनिटांत झालं, पण सर्वात सावकाश मुलाला साडेसहा लागली आणि तोपर्यंत बाकीचे सात जण खिडकीबाहेर माकडं बघत होते. मग आठ उत्तरं गोळा करून त्यांची बेरीज करायला आणखी दोन मिनिटं. म्हणजे आठ डोकी लावून वेग दुप्पटसुद्धा झाला नाही. वर उत्तर चुकलं ते चुकलंच, कारण एकाने हातचा विसरला होता. एकाची चूक म्हणजे सगळ्यांची चूक. दुसऱ्यांदा चिठ्ठ्या आधीच करून ठेवल्या आणि सावकाश मुलांना कमी संख्या दिल्या, तेव्हा वेळ बराच खाली आला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

चिठ्ठ्या वाटणं आणि शेवटची बेरीज हा जो भाग आहे, त्याचे तुकडे पडत नाहीत. तो एकट्यानेच करावा लागतो. लग्नघरात पोळ्या लाटायला वीस बायका बसल्या, पण तवा एकच असला, तर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. जीन अॅम्डाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हा तव्याचा हिशोब मांडला. समजा एक काम एका यंत्राला ६० मिनिटांचं आहे आणि त्यातली ६ मिनिटं अशी आहेत की त्यांची वाटणी होऊच शकत नाही. उरलेली ५४ मिनिटं दहा यंत्रांत वाटली की ५.४ मिनिटं होतात, अधिक ६, एकूण ११.४. शंभर यंत्रं लावली तर साधारण साडेसहा. हजार लावली तरी सहाच्या खाली येणार नाही. हजार यंत्रांचा खर्च करून जेमतेम दहापट वेग! सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्या. भागाकाराचा सरावही होतो आणि कोणी जाहिरातीत "शंभर यंत्रं, शंभरपट वेग" म्हटलं की मुलं हसतील.

दुसरा प्रयोग पटांगणात केला. त्याला २१ मुलं लागतात. फक्कीने पाच बाय पाच चौकोनांची चौकट आखायची आणि कोपऱ्यातले चार चौकोन रिकामे ठेवायचे. कडेला १२ मुलं, आत ९ मुलं, प्रत्येकाच्या हातात पाटी. डाव्या कडेच्या तिघांच्या पाटीवर ८०, म्हणजे ती चुलीची बाजू. बाकी सगळ्यांच्या पाटीवर २०. कडेच्या मुलांनी आपला आकडा बदलायचा नाही. आतल्या प्रत्येकाने पुढच्या, मागच्या, डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याची पाटी बघायची, चार आकड्यांची बेरीज करायची, चारने भागायचं आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम आपला नवा आकडा लिहायचा. पहिल्या फेरीत चुलीजवळच्या तिघांचे ३५ होतात, बाकी २० वरच राहतात. दुसऱ्या फेरीत ऊब आणखी एक घर आत सरकते. (अपूर्णांक सोडून द्या, नाहीतर चौथीची मुलं अडकतात.) उष्णता पसरते कशी, हे मुलांच्या डोळ्यांसमोर दिसतं.

पण मला त्यातलं वेगळं काही हवं होतं. या खेळात कोणालाच पुढे पळता येत नाही. शेजाऱ्याचा आकडा आल्याशिवाय आपलं गणित होत नाही आणि एक जण भागाकारात अडकला की शिट्टी थांबते. बेरजेच्या खेळात मुलांनी एकमेकांशी बोलायची गरज नव्हती. इथे प्रत्येक फेरीला बोलावं लागतं. हवामानाचा अंदाज करणारे कॉम्प्युटर नेमकं हेच करतात. आकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची हवा शेजारच्या चौकोनांवरून काढायची, पुन्हा पुन्हा.

ही कल्पना कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्लंडमधले शास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींची गाडी चालवत असताना फावल्या वेळात ते हवामानाची गणितं करायचे. सहा तासांचा अंदाज काढायला त्यांना साधारण सहा आठवडे लागले आणि तो सपशेल चुकला. तरी १९२२ साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि त्यात एक स्वप्न मांडलं. एका प्रचंड गोल सभागृहात ६४ हजार माणसं बसली आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा, आणि मधल्या खांबावर एक मुख्य माणूस उभा आहे. जो भाग पुढे पळतो त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो आणि जो मागे राहतो त्याच्यावर निळा. माझी शिट्टी म्हणजे तोच खांब! रिचर्डसन पुढे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवत होते, हे वाचून मला उगाचच आपलेपणा वाटला.

आज हे स्वप्न आपल्या पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत उभं आहे. तिथे २०१८ साली 'प्रत्यूष' आला आणि २०२४ साली 'अर्क'. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एका पेटाफ्लॉप्समध्ये सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं होतात. पावसाचा अंदाज आपण मोबाइलवर बघतो, त्याच्यामागे असली यंत्रं असतात. पण "एक सुपरकॉम्प्युटर" म्हणताना आत एकच मोठा मेंदू आहे असं समजू नका. आत हजारो प्रोसेसर आहेत. त्याचा मोठेपणा निम्मा प्रोसेसरमध्ये आणि निम्मा त्यांना जोडणाऱ्या जाळ्यात आहे.

जाळ्याला इतकं महत्त्व का, हे समजायला मुलांच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी काढा. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, हे आपण शिकवतोच. मग सेकंदाच्या अब्जाव्या भागात किती जाईल? बरोबर त्या पट्टीएवढा, ३० सेंटिमीटर. आणि आपला साधा तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्या वेळात तीन ठोके टाकतो. म्हणजे एका ठोक्यात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर पुढे जातो. विजेचा संदेश त्याहून जोरात धावू शकत नाही. आता दोन कॉम्प्युटर साध्या नेटवर्कच्या वायरने जोडले, तर वायरीपेक्षाही मधली उठाठेव जास्त असते. संदेशाचं पाकीट करायचं, पाठवायचं, पलीकडे उघडायचं. त्यात सेकंदाचा दहाहजारावा भाग सहज जातो. आपल्याला तो काहीच वाटत नाही, पण त्या प्रोसेसरचे तोवर तीन लाख ठोके होऊन गेलेले असतात. शेजाऱ्याला एक आकडा विचारायला तीन लाख ठोके थांबायचं! पटांगणातल्या खेळात शेजारच्या मुलाची पाटी बघण्याऐवजी प्रत्येक फेरीला दुसऱ्या गावी पत्र टाकायचं, असंच हे झालं.

सेमूर क्रे या अमेरिकन माणसाने हे फार आधी ओळखलं होतं. त्याचा 'क्रे-१' हा १९७६ सालचा सुपरकॉम्प्युटर वरून पाहिला तर इंग्रजी सी अक्षरासारखा दिसायचा. ती नुसती शोभा नव्हती. गोलाकार बांधणीमुळे आतल्या वायरी आखूड राहत आणि कुठलीच वायर चार फुटांपेक्षा लांब नव्हती. पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडायच्या कल्पनेवर क्रेचा फारसा विश्वास नव्हता. शेत नांगरायला दोन दणकट बैल घ्याल की १०२४ कोंबड्या, असं त्याने विचारल्याचं सांगतात. बैलवाल्या माणसाला हा प्रश्न लगेच पटतो. मलाही पटला.

पण मग आपल्या देशाला बैल मिळेना. १९८० च्या दशकात भारताला क्रेची यंत्रं हवी होती. दिल्लीला हवामानाच्या कामासाठी एक मिळालं, तेही अटी घालून. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला हवं होतं ते मिळालंच नाही. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. क्रेसारखा एकच दणकट प्रोसेसर घडवायचा तर त्याचा कारखाना, त्याचं ज्ञान, सगळं शून्यापासून. त्यांनी कोंबड्यांचा रस्ता धरला, पण साध्या कोंबड्या घेतल्या नाहीत. ट्रान्सप्युटर नावाची ब्रिटिश चिप घेतली. ती बनवलीच होती जोडण्यासाठी. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोड आधीपासूनच दिलेले असत. आपल्या पटांगणातल्या मुलासारखीच, चार बाजूंना चार शेजारी! अशा चिपा जोडून १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. क्रे बैलाबद्दल बरोबर होता, पण कोंबड्यांना एकमेकींशी पटकन बोलता आलं तर चित्र बदलतं, हे त्याने कमी धरलं असावं, असं माझं मत.

इतकं वाचून झाल्यावर मी जरा हिरमुसले. परम काय, अर्क काय, सगळी खास बनवलेली जाळी. आमच्याकडे भंगारातले सहा डबे. तेव्हा माजी विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, बेओवुल्फ वाचा."

१९९४ साली अमेरिकेत नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे १६ कॉम्प्युटर घेतले. प्रोसेसर ४८६ जातीचे, वायरी ऑफिसात असतात तशा, आणि वर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली. त्याला नाव दिलं बेओवुल्फ, एका जुन्या इंग्रजी महाकाव्यातल्या वीराचं. तेव्हापासून साध्या कॉम्प्युटरांच्या अशा जुडग्याला बेओवुल्फच म्हणतात.

त्याहून मला आवडली ती टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेतली गोष्ट. विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांना अमेरिकेचा एक नकाशा करायचा होता. कुठे पाऊस किती, माती कशी, तापमान किती, हे सगळं एकत्र बघून सारख्या सारख्या प्रदेशांचे गट पाडायचे. त्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला पैसे मागितले, ते नामंजूर झाले. मग १९९७ साली त्यांनी प्रयोगशाळेत टाकून द्यायला काढलेले कॉम्प्युटर गोळा करून एका रिकाम्या खोलीत मांडले. हळूहळू ते शंभराहून अधिक झाले. त्याला त्यांनी नाव दिलं दगडाच्या सुपाचं. युरोपात एक लोककथा आहे. उपाशी वाटसरू गावात येऊन नुसत्या दगडाचं सूप करतो म्हणून पातेलं चढवतो, आणि बघायला जमलेल्यांपैकी कोणी गाजर टाकतं, कोणी कांदा, कोणी मीठ. शेवटी खरंच सूप होतं. आपण त्याला लोकसहभाग म्हणतो!

त्यांच्या खोलीतली यंत्रं एकसारखी नव्हती. काही फार जुनी, काही त्यातल्या त्यात बरी. सगळ्यांना सारखं काम दिलं असतं तर नवी यंत्रं माकडं बघत बसली असती. म्हणून त्यांनी कामाचे लहान लहान घास केले. ज्याचा घास संपेल त्याने पुढचा मागून घ्यायचा. मी चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या खेपेला जे अर्धवट केलं होतं, ते त्यांनी नीट केलं होतं. हे जमलं, कारण नकाशाच्या एका तुकड्याचं गणित करताना दुसऱ्या तुकड्याशी फार बोलावं लागत नव्हतं. म्हणजे नांगरट होती. विहीर असती तर शंभर डब्यांनी काही झालं नसतं.

गूगलनेही सुरुवातीला हेच केलं. १९९९ च्या सुमारास त्यांचे सर्व्हर म्हणजे साधे मदरबोर्ड, बुचाच्या पत्र्यावर मांडलेले. २००३ पर्यंत अशी साधी यंत्रं १५ हजारांवर गेली. इतकी यंत्रं असली की रोज काहीतरी बंद पडणारच. साधा हिशोब करा, एक यंत्र सरासरी हजार दिवसांतून एकदा बिघडत असेल, तर हजार यंत्रांत रोज एक बिघडेल. महागडं यंत्र घेणारा माणूस ते बिघडू नये म्हणून पैसे मोजतो. स्वस्त यंत्रं घेणारा, बिघडलं तरी काम अडू नये म्हणून डोकं वापरतो. एकाच माहितीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो. पैसे वाचतात ते असे दुसरीकडे, डोक्यातून, भरावे लागतात.

जाता जाता पालकांसाठी एक गोष्ट. मोबाइलच्या जाहिरातीत "ऑक्टा-कोर" लिहिलेलं असतं, ते हेच आहे. २००५ च्या आसपासपर्यंत प्रोसेसरचा वेग सारखा वाढत होता. मग तो इतका तापायला लागला की तीन-चार गिगाहर्ट्झच्या पुढे नेणं परवडेना. तेव्हा कंपन्यांनी एका चिपमध्ये दोन, चार, आठ प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्या खिशातही कोंबड्याच आहेत, फक्त एकाच खुराड्यात, अगदी जवळ जवळ. आठ कोर म्हणजे आठपट वेग नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. मी आधी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या कामांची यादी वाचून दाखवली. मुलांचा टायपिंगचा आणि गणिताच्या खेळांचा सराव. गोष्टी आणि कवितांचे व्हिडिओ. शाळेची ऑनलाइन माहिती भरणं. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीची जोडणी. यातल्या एकाही कामाला सहा कॉम्प्युटर जोडून फायदा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. गणिताचा खेळ एका कॉम्प्युटरवर अडखळत असेल तर सहा जोडून तो पळायला लागणार नाही, कारण तो खेळ लिहिणाऱ्याने त्याचे तुकडे पाडलेलेच नाहीत. वायर जोडली म्हणून काम आपोआप वाटलं जात नाही. आपोआप होईल असं मोबाइलवर कोणी दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण न जोडता सहा वेगवेगळे ठेवले तर? आमची गरज एक मूल फार वेगाने शिकण्याची नाही, ४१ मुलांना हात लावायला मिळण्याची आहे. एका नव्या कॉम्प्युटरपुढे एक मूल बसतं आणि चाळीस बघत राहतात. हीसुद्धा इर्जिकच की. प्रत्येक मुलाचा सराव हा वेगळा पट्टा आहे.

मग विजेचा प्रश्न आला, आणि तो मी विचारातच घेतला नव्हता. सरपंचांनी काढला. जुना कॉम्प्युटर मॉनिटरसकट शंभर-सव्वाशे वॅट खातो. सहा चालले तर सातशे वॅट, दिवसाला चार तास धरले तर जवळजवळ तीन युनिट. वीजबिल शाळेलाच भरायचं आणि इन्व्हर्टरवर दोनच्या वर चालत नाहीत. स्वस्त यंत्रं रोज थोडी थोडी महाग पडतात, हे मोठ्या संगणक केंद्रांनाही चुकलेलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. चार कॉम्प्युटर चार टेबलांवर, वेगवेगळे. दोन सुट्या भागांसाठी बाजूला. चारपैकी दोघांना जास्तीची मेमरी आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी. तेवढ्यानेच ते इतके चपळ झाले की मुलांना ते नवेच वाटतात. नवा कॉम्प्युटर या वर्षी नाही. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीसाठी एका पालकांचा लॅपटॉप दोन दिवस मिळणार आहे, ते विहिरीचं काम आहे. स्वच्छतागृहाला दार बसलं. टाकी पुढच्या महिन्यात.

जोडण्याची हौस मात्र राहिली होतीच. दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थी गावी आला तो आठ जोडांचा एक स्विच आणि वायरी घेऊन. बाजूला ठेवलेले दोनही त्या दिवसापुरते टेबलावर आले. सहाही कॉम्प्युटरांवर लिनक्स टाकलं आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला, १ ते ६० लाखांमधल्या मूळ संख्या शोधायचा. प्रत्येकाला दहा दहा लाखांचा पट्टा. शेवटचा, ५० ते ६० लाखांचा पट्टा सगळ्यात चांगल्या कॉम्प्युटरला दिला. मुलं गोल करून उभी, कोण आधी संपवतो बघायला. पहिला आला तो घरघर पंख्याचा, सर्वात जुना! आणि चांगला कॉम्प्युटर बसलाय आपला चालवत.

सगळी मुलं त्या जुन्याच्या बाजूने ओरडत होती. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, त्याला सोपे आकडे दिलेत." बरोबर होतं त्याचं. लहान संख्या मूळ आहे का हे तपासायला थोडे भागाकार लागतात, मोठ्या संख्येला जास्त. पट्टे लांबीने सारखे होते, कामाने नव्हते. मग ओक रिजवाल्यांसारखे दहा दहा हजारांचे घास केले, ज्याचा संपेल त्याने पुढचा मागायचा. सहाही जवळजवळ एकदमच थांबले आणि आधीपेक्षा कितीतरी लवकर. त्या मुलाला आता हे जाणून घ्यायचंय की घास आणखी लहान केले, दहा दहा संख्यांचे, तर अजून लवकर होईल का. मी त्याला उत्तर सांगितलेलं नाही. फक्त पट्टी हातात दिली आहे, ३० सेंटिमीटरची.